वार नसलेलं कॅलेंडर

एडिसन, न्यू जर्सी
२८ एप्रिल २००६

चि. सुमित्रा,

आशीर्वाद विमानतळावर तोंडी दिले आहेत, तेच धर.

हे पत्र चारुताच्या ॲन आर्बरच्या पत्त्यावर येईल. तिच्यासमोर उघडू नकोस. घाईत सांगायचं राहिलं ते लिहितो.

त्या डच लोकांनी, म्हणजे चारुता ज्याच्याशी लग्न करणार त्या मुलाच्या आईबापांनी, मला दीड महिना राहायला बोलावलं ते ट्यूलिप बघायला. मला ट्यूलिपशी काही कर्तव्य नाही. तू नागपूरहून सहा महिने आलीच आहेस, तर माझ्याऐवजी तू जा. माणूस घरात राहिल्याशिवाय कळत नाही आणि तुझ्या नजरेतून काही सुटत नाही, हे मी लहानपणी बरंच सोसलं आहे. एकतीस वर्षं मी या राज्याचे पूल तपासले. जिथे ताजा रंग दिसेल तिथे आधी खरवडायचं, हा आमचा पहिला नियम. तिथे तू तेच करायचंस.

फोन करू नकोस. त्यांचा फोन म्हणे स्वयंपाकघरात भिंतीवर असतो. मराठीत पत्र लिही आणि स्वतः पेटीत टाक. मुलगा चारुताशी कसा बोलतो ते सगळ्यांसमोर बघू नकोस, दुसऱ्या खोलीतून ऐक. आईबाप काय लपवतात ते बघ. गोड बोलले तर का बोलले ते बघ.

लग्न बारा ऑगस्टला ठरवलं आहे. विचारलं नाही, कळवलं. चारुता म्हणाली, "बाबा, तुम्ही आलात तर मला खूप बरं वाटेल. नाही आलात तरी मी लग्न करणार आहे." मी सांगितलं, आत्याची पत्रं येऊ देत, मग ठरवीन. तेव्हा मी जायचं की नाही हे तुझ्या शब्दावर आहे.

वीणाला जाऊन चार वर्षं झाली. ती असती तर तिनेही आधी चौकशीच केली असती.

दादा


मिशिगन
६ मे २००६

दादा,

नमस्कार. साष्टांग घालायला गुडघा तयार नाही, म्हणून लांबूनच.

गुरुवारी चारुताने मला इथे आणून सोडलं. ॲन आर्बरहून अडीच तास. तिची प्रयोगशाळा असते, ती आणि मुलगा शनिवार-रविवारी येतात. बाकीचे दिवस मी, योहाना आणि हेंक. एकोणीसशे सहासष्ट साली हे दोघे हॉलंडहून इथे आले आणि रोपवाटिका काढली. आजूबाजूचं गावही त्यांच्याच लोकांचं. मी तीस वर्षं सातवीच्या मुलांना शिकवलं की डच लोकांनी समुद्र हटवून जमीन केली. आता त्यांच्या घरात बसले आहे आणि तुझा नियम पाळते आहे.

पहिली गोष्ट, घराला पडदे नाहीत. रस्त्याकडेला भिंतभर काच आणि आत आम्ही जेवतोय ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं. मी विचारलं तर योहाना म्हणाली, आम्हाला लपवायचं काय आहे? दादा, विचारल्याबरोबर इतकं तयार उत्तर मला आवडलं नाही.

दुसरी, कॉफी. दहाच्या ठोक्याला कॉफी येते. पत्र्याचा डबा उघडतो, प्रत्येकाला एक बिस्किट मिळतं आणि झाकण लागतं. मी हात पुढे केला होता तो पदर सारखा करण्यासाठी होता असं दाखवावं लागलं. शेजारीण आली होती, ती पावणेसहाला घाईघाईने उठली, कारण सहाला जेवण असतं. कोणी तिला बस म्हटलं नाही. आपल्याकडे शत्रूलाही दोन घास विचारतात.

दुपारी पाव. हेंक सत्तर वर्षांचा आहे आणि लोणी लावलेल्या पावावर चॉकलेटचा चुरा पसरून खातो, अगदी गंभीर चेहऱ्याने. रात्रीच्या जेवणानंतर तोच चेहरा ठेवून जाड पुस्तकातून एक पान वाचतो. बायबल आहे. त्यांच्या भाषेत असतं, मला काही कळत नाही. मी तेवढा वेळ मनात रामरक्षा म्हणते.

आणि एक चमत्कारिक गोष्ट. मला वरच्या मजल्यावर खोली आणि स्वतंत्र बाथरूम दिली आहे. तिथे कमोडच्या शेजारी प्लॅस्टिकचा मोठा मग भरून ठेवला होता. चारुताला विचारलं, तू सांगितलंस का? ती नाही म्हणाली आणि विषय बदलला. डच बाईला हे कोणी शिकवलं? खाली स्वयंपाकघराला लागून एक छोटा संडास आहे, घरातले सगळे तोच वापरतात. स्वयंपाकघराला लागून! मी त्या बाजूला फिरकत नाही.

सुमित्रा


एडिसन
१० मे २००६

सुमित्रा,

पत्र मिळालं. मगाबद्दल वाचून मी सावध झालो. याचा अर्थ त्यांनी आपल्यावर अभ्यास करून ठेवला आहे. इतकी तयारी माणूस कधी करतो? त्याला काही हवं असतं तेव्हा.

बायबलचं मला नवल नाही. तुला सांगितलं नव्हतं, पण त्या भागातल्या चर्चवाल्यांकडे माझा पत्ता फार आधीपासून आहे. दर ऑक्टोबरात मला तिकडून एक पाकीट येतं. मागे मिशिगनचा पत्ता आणि या मुलासारखंच लांबलचक आडनाव. त्या गावात म्हणे घरोघर तीच आडनावं. पहिलं आलं ते २००१ साली. तेव्हा आमच्या न्यू जर्सीतून टपालात विषारी पूड घालून पत्रं गेली होती, लोक वीजबिल उघडायलाही घाबरत होते. वीणा म्हणत होती, "अहो, उघडून तरी बघा." मी भांडी घासायचे हातमोजे घातले, पाकीट दुहेरी पिशवीत बांधलं आणि बाहेरच्या डब्यात टाकून आलो. तेव्हापासून दरवर्षी येतं आणि दरवर्षी तसंच टाकतो. आता कळलं ना, हे लोक किती चिकाटीचे आहेत ते?

हेंक वाचत असताना चारुताही हात जोडून बसते का, ते कळव. आणि मुलगा ताटं उचलतो का? उचलत असेल तर रोज उचलतो की तुझ्या देखत?

दादा


मिशिगन
१४ मे २००६

दादा,

तुझ्या प्रश्नांची उत्तरं आधी देते. चारुता हात जोडत नाही. खिडकीबाहेर बघत बसते, जसा तू सत्यनारायणाला बसायचास. मार्टेन, म्हणजे मुलगा, ताटं उचलतो आणि विसळतोही. माझ्या देखत म्हणशील तर मी काल मुद्दाम झोपायला जाते म्हणून वर गेले आणि जिन्यात दहा मिनिटं उभी राहिले. तो विसळत होता, चारुता पुसत होती आणि पाण्याच्या कुठल्याशा नमुन्यांवरून दोघांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. चारुता ओरडली, "यार, तू डेटा न बघता बोलतोस!" तो म्हणाला, बघून सांगतो. पलीकडच्या खोलीत गेला, कॉम्प्युटर बघितला, परत येऊन म्हणाला, तुझं बरोबर आहे. दादा, आपल्या घरात हे वाक्य मी कोणा पुरुषाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

आता योहाना. मंगळवारी मी हौसेने भरली वांगी केली. तिने एक घास घेतला, पाणी प्यायली आणि म्हणाली, हे मला आवडलं नाही, फार तिखट आहे. सरळ तोंडावर! मी रात्रभर तळमळले. सकाळी कॉफीच्या वेळी तीच म्हणाली, तुझा वरणभात मला फार आवडतो, आज करशील? तेव्हा माझ्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला. तिला वरणभात आवडतो हे खरं आहे, कारण वांगी आवडली नाहीत हे ती बोलली. आपल्याकडे बाई चार वेळा छान म्हणते आणि घरी जाऊन काय म्हणते ते आपण जाणतोच.

बिस्किटाचंही सांगून टाकते. दुसरा कप घेतला की डबा दुसऱ्यांदा उघडतो. मी दुसऱ्या कपाला नको म्हणत होते, आपल्या सवयीने, पुन्हा आग्रह होईल म्हणून. इथे नको म्हणजे नको. तीन दिवस मी माझ्याच नाहीने उपाशी राहिले.

गुरुवारी शेजारणीचा वाढदिवस होता. भिंतीला लागून गोल खुर्च्या मांडलेल्या. येणारा प्रत्येक जण सगळ्या वर्तुळाला हात मिळवत फिरतो आणि सगळ्यांचं अभिनंदन करतो. शेजारणीचं, तिच्या नवऱ्याचं, बहिणीचं, आणि माझंही. माझा काय संबंध? हेंक म्हणाला, तू इथे आहेस ना, मग तुझंही.

अजून पूर्ण भरवसा देत नाही. पण खरवडलं तिथे रंगाखाली अजून तरी धड लाकूडच लागलं आहे.

सुमित्रा


एडिसन
१८ मे २००६

सुमित्रा,

पत्र दोनदा वाचलं. सत्यनारायणाचा उल्लेख अनावश्यक होता.

ठीक आहे. मला स्वतःला अजून खात्री नाही, पण तुला मी ओळखतो, तू सहज विरघळणारी नाहीस. ऑगस्टच्या विमानाची तिकिटं राखून ठेवली आहेत. तू एक ओळ लिही, 'ये' म्हणून, की मी घेऊन टाकतो. चारुतालाही तसं फोनवर सांगितलं. मग म्हणाली, "थँक्स बाबा." रडत होती वाटतं.

दादा


मिशिगन
२१ मे २००६

दादा,

तिकीट काढू नकोस. घाईत लिहिते आहे, अक्षर लावून वाच.

आज सकाळपासून गुडघा इतका दुखत होता की जिना चढवेना. घरातले सगळे चर्चला गेलेले. नाइलाज म्हणून त्या खालच्या संडासात गेले. दार लावलं आणि समोरच, बसल्यावर डोळ्यांसमोर येईल असं, भिंतीवर एक कॅलेंडर. कॅलेंडरही धड नाही. त्यात वार नाहीत, साल नाही. नुसते मे महिन्याचे एक ते एकतीस आकडे आणि त्यांच्यापुढे कोणाकोणाची नावं लिहिलेली. मी सहज वाचत गेले. सत्तावीस तारखेपुढे इंग्रजीत लिहिलं आहे, वीणा. पुढे क्रूस काढला आहे.

दादा, आपल्या वहिनीचं नाव संडासात टांगलं आहे. आणि त्याच्यापुढे क्रूस. गेलेल्या माणसाला यांनी आपल्या धर्मात ओढलं आहे, की कसली करणी आहे, मला काही सुचत नाही. ज्या बाईने कधी चप्पल घालून स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही, तिचं नाव त्या जागी! आणि ही तारीख कसली, वहिनी गेली ती तर फेब्रुवारीत! तू म्हणत होतास ते खरं, या लोकांकडे आपली सगळी माहिती आहे. मी वांग्याला आणि वरणभाताला भुलले.

मी कोणालाही काही बोललेले नाही. रविवारी टपाल उचलत नाहीत, तरी कोपऱ्यावरच्या पेटीत आताच टाकून येते, घरात ठेववत नाही. तू सांगशील त्या दिवशी निघते.

सुमित्रा


एडिसन
२५ मे २००६

सुमित्रा,

पत्र आज पोचलं. चारुताच्या मशीनवर निरोप ठेवला आहे की मी लग्नाला येणार नाही आणि कारण तिने आत्याला विचारावं. यापुढे तिकडचा फोन मी उचलणार नाही.

संशय घेतो म्हणून सगळे मला हसता. हसा. रविवारच्या विमानाने परत ये.

दादा


मिशिगन
२८ मे २००६

दादा,

तुझं पत्र अजून मिळालेलं नाही, पण त्यात काय असेल ते मला चारुताकडून कळलं आहे. काल तीनदा फोन लावला, तू उचलला नाहीस. तेव्हा हे शेवटपर्यंत वाच. टाकून देऊ नकोस, अशी हात जोडून विनंती आहे.

काल शनिवार. सकाळी आठलाच चारुता आली, डोळे सुजलेले. दारातच म्हणाली, "आत्या, तू बाबांना काय लिहिलंस?" मी तिचा हात धरून तिला त्या संडासाशी नेलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तिने बघितलं. मग कमोडचं झाकण पाडून त्यावर बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. योहाना धावत आली. एवढ्याशा त्या जागेत आम्ही तिघी. चारुताने तिला काय झालं ते सांगितलं. मला वाटलं आता ही बाई तरी चिडेल. तिने खिळ्यावरून कॅलेंडर काढलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, आधी कॉफी.

दादा, डच लोकांच्या घरोघर ते कॅलेंडर त्याच जागी असतं. वाढदिवसाचं कॅलेंडर. वार नसतात, कारण ते दरवर्षी तेच चालतं. माणूस रोज कुठे जातोच जातो, तर तिथे. तिथे नाव असलं की विसरायची सोय नाही, इतका साधा हिशेब आहे त्यांचा. विटाळ वगैरे त्यांच्या स्वप्नातही नाही. आणि जो माणूस जातो त्याचं नाव खोडत नाहीत, पुढे क्रूस काढतात आणि राहू देतात. योहानाने मार्चचं पान उघडून दाखवलं. हेंकची आई, पुढे क्रूस. तिच्याखाली एक छोटं नाव, पुढे क्रूस. मी विचारलं, ही कोण? म्हणाली, आमची पहिली मुलगी, नऊ दिवस जगली. दादा, त्या बाईने आपल्या नऊ दिवसांच्या लेकीचं नाव चाळीस वर्षं जिथे ठेवलं, तिथेच आपल्या वहिनीचं ठेवलं होतं. मला तोंड वर करून बघवेना.

मग मी विचारलं, पण वहिनीच्या वाढदिवसाची तारीख कोणी दिली? योहानाने चारुताकडे बघितलं. चारुताने कॅलेंडर आपल्याकडे ओढून मेचं पान काढलं. शेवटी म्हणाली, "आत्या, आई इथे राहून गेली आहे."

२००१ च्या मे महिन्यात. चारुताच्या पदवीदानाला वहिनी एकटी ॲन आर्बरला गेली होती, तू कुठल्याशा पुलावर अडकला होतास, आठवतं? त्यातले चार दिवस ती इथे होती. माझ्याच खोलीत. तो मग तिने मागून घेतलेला आहे, आणि तेव्हापासून ही बाई भारतातून कोणी येईल म्हणून तो जपून ठेवते आहे. चारुता आणि मार्टेनचं तेव्हाच ठरल्यासारखं होतं. वहिनीने सगळं बघितलं आणि चारुताला म्हणाली, माणसं चांगली आहेत, पण बाबांना तू काही बोलू नकोस, वेळ बघून मीच सांगते. ती वेळ आली नाही. फेब्रुवारीत ती गेली. आईने नको सांगितलेलं, म्हणून चारुता चार वर्षं गप्प बसली, आणि तिचा एकटीचा धीर झाला तो या जानेवारीत.

इथे पाहुणा आला की आपलं नाव आपल्या हाताने कॅलेंडरवर लिहितो. ते 'वीणा' वहिनीचं अक्षर आहे. इंग्रजीत म्हणून मला ओळखू आलं नाही. मला तिची पत्रं यायची ती मराठीत.

एक गोष्ट राहिली आहे, ती तुला सांगू की नको याचा मी रात्रभर विचार केला. योहानाने ऑक्टोबरचं पान उघडलं. चौदा तारखेपुढे मराठीत लिहिलं आहे, 'चारुताचे बाबा'. ते उकाराला शेपटी काढणारं अक्षर मी झोपेतही ओळखीन. तुझं नाव तिने आयुष्यात उच्चारलं नाही, तिथेही लिहिलं नाही. खाली योहानाने तुझा एडिसनचा पत्ता उतरवून घेतला आहे.

तुझ्या पाकिटांची गोष्ट मला तेव्हा आठवली. मी विचारलं, तुम्ही यांना कार्ड पाठवता का? ती म्हणाली, हो, दरवर्षी. मी विचारलं, उत्तर येत नाही तरी? तिने माझ्याकडे असं बघितलं की हा काय प्रश्न झाला. म्हणाली, "नाव कॅलेंडरवर आहे, म्हणून मी लिहिते."

काल सत्तावीस मे होती, दादा. वहिनी असती तर काल तिला त्रेसष्टावं लागलं असतं. मी विसरले होते. बागेतली उरलेली फुलं टेबलावर होती, योहानाने सफरचंदाचा केक केला होता, आणि डबा सगळा वेळ उघडा होता.

चूक माझी आहे. तू मला बघायला पाठवलं होतंस, मी विचारायचं सोडून लिहीत बसले. तू हवं तर मला काय वाटेल ते बोल, पण पोरीला शिक्षा करू नकोस.

सुमित्रा


एडिसन
२ जून २००६

सुमित्रा,

पत्र बुधवारी मिळालं. दोन दिवस उत्तर लिहिता आलं नाही. गेल्या रविवारी तू परत आली नाहीस ते बरं केलंस.

सत्तावीस तारखेला मी काय करत होतो ते आठवायचा प्रयत्न केला. पन्हळीतला पाला काढत होतो. दुपारी एअरलाइनला फोन करून राखून ठेवलेली तिकिटं कॅन्सल केली. तारीख मलाही आठवली नाही. ती असतानाही आठवायची नाही. ती संध्याकाळी शिरा करायची, मी विचारायचो, आज काय विशेष, आणि ती म्हणायची, काही नाही, सहज.

तो २००१ चा ऑक्टोबर मात्र मला स्वच्छ आठवतो. पाकीट तिनेच पेटीतून आणलं होतं. माझ्या हातात दिलं आणि समोर उभी राहिली. "अहो, उघडून तरी बघा," म्हणाली. मी तुला आधी लिहिलं ते एवढंच लिहिलं. ती तीनदा म्हणाली हे लिहिलं नाही. मी हातमोजे घालून बाहेर गेलो तेव्हा ती खिडकीशी उभी होती. त्या दिवशी ती फारशी बोलली नाही. मी समजलो, छातीत दुखत असेल. आता कळतं आहे की ती वेळ बघून सांगणार होती ती हीच वेळ होती. ते पाकीट उघडलं गेलं असतं तर तिने तिथेच सगळं सांगितलं असतं. मी त्याला दोन गाठी मारल्या.

मी मिशिगनच्या घरातल्या भेगा शोधायला माणूस पाठवला, आणि माझ्या घरात माझी बायको आणि माझी मुलगी माझ्याशी बोलायला घाबरत होत्या. हे लिहायला जड जातं आहे, पण तुझ्याशिवाय कोणाला लिहू?

काल चारुताला फोन केला. तिने उचलला. मी माफी मागायला सुरुवात केली तर म्हणाली, "बाबा, इट्स ओके." मी म्हटलं, नाही, ओके नाही, मला नीट बोलू दे. मग मी नीट बोललो. शेवटी विचारलं, आई तिथे चार दिवस काय करत होती गं? म्हणाली, सायकल शिकत होती. हेंक सीट धरून मागे पळायचा. मला हे तिने कधी सांगितलं नाही. तिला सायकल येत नव्हती हेही मला माहीत नव्हतं.

नवीन तिकिटं काढली आहेत. ऑगस्टची नाहीत, येत्या दहा जूनची. ट्यूलिप संपले असतील, हरकत नाही. योहानाला सांग की मला जेवणात काहीही चालेल आणि नको म्हणायचं असेल तेव्हा मी नको म्हणेन. कॅलेंडर आता कुठे ठेवायचं असा विचार ती आपल्यासाठी करत असेल तर तिला थांबव. जिथे होतं तिथेच त्याच खिळ्याला लावायला सांग. मला ते तिथे बसून बघायचं आहे.

आणि एक निरोप तिला आजच दे, मी येईपर्यंत थांबू नकोस. पाच पाकिटं आली होती आणि पाचही मी टाकली, हे तिला माझ्या नावाने सरळ सांग. त्यांच्यात सरळ बोललेलं चालतं म्हणतेस. मग म्हणावं, या ऑक्टोबरातही कार्ड पाठवा. मी उघडीन.

दादा